कर्ण्यातलं पाणी

जानेवारीत तू गेलास तेव्हा जमीन लोखंडाची होती.
गावातल्या पुरुषांनी दोन दिवस, दोन रात्री
टेकडीवर आग पेटती ठेवली.
वीतभर वितळलं की वीतभर खणायचं,
पुन्हा लाकडं, पुन्हा कुदळ.
मी खिडकीतून पाहायचे तो जाळ.
लॅब्राडॉरच्या त्या अंधारात
कुणी तुझं अंथरूण उबदार करून ठेवतंय
असं वाटलं एकदा. एकदाच.
बाकी वेळ तो नुसता खड्डा होता.

लोक आले. येतातच.
सुकवलेला मासा, सीलचं मांस, पाव.
पास्टर म्हणाले, प्रभूमध्ये निजलाय तो.
मी म्हटलं, निजलेला तो मला ठाऊक आहे,
छत्तीस वर्षं ठाऊक आहे,
तो घोरतो.
पास्टर हसले नाहीत, उपदेशही केला नाही,
स्टोव्हमध्ये एक ओंडका सरकवून
बसून राहिले, विझेपर्यंत.

झिप्पोरा म्हातारी, जिचे दोन मुलगे
समुद्रावरच्या पातळ बर्फाने नेले,
ती तर काहीच बोलली नाही.
माझी वेणी घातली. सोडली. पुन्हा घातली.

तुझा कर्णा मागच्या गार खोलीत खुंटीला होता.
नाताळच्या रात्री वाजवून आलास,
म्हणालास, उद्या पुसतो.
उद्या खोकला, परवा ताप,
मग वादळात अडकलेलं विमान.
तो न पुसलेलाच राहिला.
तीन महिने मी ते दार उघडलं नाही.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी आमोस आला,
तुझ्या भावाचा धाकटा, ओठावर नुकती लव,
हातात टोपी चुरगाळत.
काकी, म्हणाला, पहाटे खर्जाला कुणी नाही.

मी कर्णा आणला, स्टोव्हजवळ ठेवला.
चहा ठेवला. दोघं गप्प.
आणि पितळ तापत गेलं तसं
त्याच्या वळणातून
टप.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप.

काकांचा श्वास, आमोस म्हणाला,
सहज, वाजवणारे म्हणतात तसं;
फुंकर आत गोठते, सगळ्यांना माहीत.
मी खाली वाटी धरली. चमचाभरही नव्हतं.
तीन महिने तू या भिंतीपलीकडे
गोठून थांबला होतास, रेनाटस,
आणि मी समजत होते घर रिकामं आहे.

मी खुळावले नाही. ते पाणीच होतं.
पण ज्याने पहिल्यांदा मातीत फुंकर घातली
त्याच्या हिशेबात
एवढीशी ओलसुद्धा हरवत नसेल,
हे त्या रात्री मला कुणी न सांगता कळलं.

पहाट. उणे वीस.
आम्ही सगळे टेकडीवर, कबरींमध्ये.
दगड सगळे सपाट, सगळे एका मापाचे, बर्फाखाली;
कोण कुठे आहे ते पायांना ठाऊक.
वाजवणाऱ्यांनी कर्ण्यांची तोंडं कोटात धरलेली
तान्ह्या पोरांसारखी.
आमोसचा पहिला सूर फाटला.
दुसराही.
तू असतास तर बूट आपटला असतास.
तिसऱ्याला तो खाली उतरला, खोल,
तू उभा राहायचास तिथवर,
आणि माझ्या पावलांखालचा बर्फ
हलला. खरंच. जरासा.

शेवटचा कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील,
लहानपणापासून ऐकत आले.
वाटायचं, वाजवणारा देवदूत असेल,
शुभ्र, सोन्याचा, बिनचूक.
आता वाटतं, असाच असेल कुणी पोरगेला,
ओठ फुटलेला,
दोनदा चुकेल,
आणि सगळ्यांत आधी तू उठशील,
त्याचा सूर दुरुस्त करायला.

सूर्य आला. रडू आलं ते गालावरच गोठलं.
झिप्पोराने हातमोजा काढला,
पुसलं नाही,
तळवा नुसता ठेवला गालावर
वितळेपर्यंत.